दुकानाची वेबसाईट मोबाईलवर नीट चालते का?

रमजान जवळ आला की खजूर, अत्तर, कपडे, केटरिंगच्या ऑर्डरी वाढतात. उमराहची चौकशी तर वर्षभर सुरूच असते. ही चौकशी करणारा ग्राहक बहुतेक वेळा हातातल्या मोबाईलवरच बघतो. आपले अनेक व्यावसायिक बंधू मात्र वेबसाईट ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर बघून पास करतात. मग मोबाईलवर अक्षरं बोटांनी मोठी करत वाचावी लागतात आणि ग्राहक वैतागून दुसरीकडे जातो.

गूगलने एप्रिल २०१५ पासून मोबाईलवरच्या सर्चमध्ये मोबाईलला सोयीच्या साईट्सना झुकतं माप द्यायला सुरुवात केली. आता तर साईटचं मोबाईलवरचं रूपच प्रामुख्याने तपासलं जातं. म्हणजे तिथे जे दिसत नाही, ते गूगलच्याही नजरेत येत नाही.

साईट बनवणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: पानात 'व्ह्यूपोर्ट'ची ओळ आहे का? ती नसेल तर फोन ते पान कॉम्प्युटरचं समजून आक्रसून दाखवतो. साईट 'रिस्पॉन्सिव्ह' हवी, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी आपोआप बदलते.

सर्वांत जास्त घोळ रेट कार्डात होतो. उमराह पॅकेजचं पत्रक किंवा बिर्याणीच्या देगचे भाव फोटो नाहीतर पीडीएफ करून टाकलेले असतात. मोबाईलवर ते धड वाचता येत नाहीत. भाव मजकूर म्हणून टाईप करा. मराठी युनिकोडमध्येच हवी; जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर फोनवर भलतीच अक्षरं दाखवतो. उर्दू मजकूर असेल तर त्याची दिशा उजवीकडून डावीकडे ठेवायला सांगा, आणि नस्तालीक फॉन्टला ओळींमध्ये जास्त जागा द्या, नाहीतर नुक्ते एकमेकांवर चढतात.

दुसरी गंमत क्यूआर कोडची. ग्राहक ज्या फोनवर साईट बघतोय, त्याच फोनच्या कॅमेऱ्याने त्यावरचा कोड स्कॅन कसा करणार? सोबत यूपीआय आयडी कॉपी करता येईल असा द्या. फोन नंबरही दाबताच कॉल लागेल असा हवा. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये नंबरआधी ९१ लिहा. अधिक चिन्ह, शून्य, मोकळी जागा काही नको.

बटणं साधारण ४८ पिक्सेल उंच ठेवा. फॉर्ममधली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोन टाईप करताना पान आपोआप मोठं करतो. कॅमेऱ्यातून आलेले चार-पाच एमबीचे फोटो तसेच चढवू नका; वेबपी प्रकारात लहान करून घ्या. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. 'पेजस्पीड इनसाइट्स' या गूगलच्या मोफत सेवेत आपल्या साईटचा पत्ता टाकला की वेग कळतो.

पण खरी परीक्षा घरातच होते. वायफाय बंद करा, एखादा जुना अँड्रॉइड फोन अम्मींच्या हातात द्या आणि साईटवरून एक ऑर्डर द्यायला सांगा. त्या जिथे अडतील, ती जागा आधी दुरुस्त करून घ्या.