मिस्टर बॅड गाय

‘क्वीन’ या विख्यात ब्रिटिश रॉक संगीतवृंदाचा प्रमुख गायक फ्रेडी मर्क्युरी (५ सप्टेंबर १९४६–२४ नोव्हेंबर १९९१) याची पहिली स्वतंत्र दीर्घ ध्वनिमुद्रिका. ती सीबीएस या कंपनीने २९ एप्रिल १९८५ रोजी प्रकाशित केली. तीत ११ गीते असून ती सर्व मर्क्युरीनेच रचलेली आहेत. प्रकाशनकाळी या ध्वनिमुद्रिकेस बेताचेच यश लाभले. मात्र तिच्यातील काही गीते गायकाच्या मृत्यूनंतर निराळ्या वाद्यसाजात जगभर गाजली.

मर्क्युरीचे मूळ नाव फरोख बलसारा. झांझिबारमधील एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. पाचगणी येथील सेंट पीटर्स विद्यालयात त्याचे शालेय व पियानोवादनाचे शिक्षण झाले. झांझिबारमधील क्रांतीनंतर १९६४ मध्ये बलसारा कुटुंब इंग्लंडला स्थायिक झाले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या क्वीनमध्ये ब्रायन मे (गिटार), रॉजर टेलर (तालवाद्ये) व जॉन डीकन (बेस गिटार) हे त्याचे सहकारी होते. चौघेही गीतरचनाकार असल्याने प्रत्येक गीत मतभेदांतून तावून-सुलाखून निघे. नृत्यसंगीताकडे झुकलेल्या हॉट स्पेस (१९८२) या ध्वनिमुद्रिकेने त्यांच्या अनेक जुन्या चाहत्यांचा विरस केला. १९८३ मध्ये वृंदाने काही काळ विश्रांती घेतली, तेव्हा मर्क्युरीने म्यूनिक येथील म्यूझिकलँड ध्वनिमुद्रणगृहात स्वतःच्या गीतांचे काम हाती घेतले. क्वीनच्याच द वर्क्स (१९८४) या ध्वनिमुद्रिकेमुळे व दौऱ्यांमुळे ते रेंगाळले. निर्मितीत राइनहोल्ड माक हा त्याचा भागीदार होता. टेलर व मे यांनी त्यापूर्वीच स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढलेल्या असल्यामुळे या उपक्रमाचा अर्थ वृंदातील फूट असा लावणे युक्त ठरत नाही.

क्वीनच्या संगीतात गिटारचे जे स्थान, ते येथे मुख्यतः सिंथेसायझर व पियानो यांना दिलेले आहे. शीर्षकगीतास भव्य वाद्यवृंदाची साथ आहे, ‘माय लव्ह इज डेंजरस’ मध्ये रेगे या जमैकी लयीचा वापर आहे, तर ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ मध्ये निरर्थक अक्षरांच्या जलद गायनाचा जॅझमधील प्रकार आढळतो. अखेरच्या गीताचा विषय एकाकीपणा हा आहे. पण त्याची चाल नाचरी आहे. हा विरोध तत्कालीन श्रोत्यांच्या फारसा ध्यानी आला नाही. ‘देअर मस्ट बी मोअर टू लाइफ दॅन धिस’ हे मंद लयीतील गीत मर्क्युरीने १९८३ मध्ये मायकेल जॅक्सनबरोबर गाऊन पाहिले होते. येथे तो ते एकटाच गातो. काही नृत्यगीते मात्र केवळ उत्साहावर तरलेली असून, त्यांना हरकत घेणारा सहकारी तेथे असता तर ती कदाचित वेगळी झाली असती. ही ध्वनिमुद्रिका मर्क्युरीने आपल्या मांजरांना नावानिशी व जगातील समस्त मार्जारप्रेमींना अर्पण केली आहे. त्याच्या मिस्कील स्वभावास ते साजेसेच होय.

ब्रिटनमध्ये ही ध्वनिमुद्रिका विक्रीच्या क्रमवारीत सहाव्या स्थानापर्यंत पोहोचली. ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ हे गीत अकराव्या स्थानी गेले. पुढील गीतांची मात्र पीछेहाट झाली : ‘मेड इन हेवन’ ५७ व्या, तर ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ ५० व्या क्रमांकावरच थांबले. अमेरिकेत तर ध्वनिमुद्रिकेला १५९ व्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. रॉकच्या श्रोत्यांना तीत मे याच्या गिटारची उणीव भासली, आणि नृत्यसंगीताच्या श्रोत्यांच्या लेखी मर्क्युरी हा रॉकगायकच होता. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली क्रीडागारात ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी-कार्यक्रमात क्वीनने सुमारे वीस मिनिटांत लक्षावधींना जिंकले. मर्क्युरीने त्या वेळी स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेतील एकही गीत गायिले नाही. त्यानंतर लोकांचे लक्ष पुन्हा वृंदाकडे वळले.

१९९३ मध्ये ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ नव्या नृत्यठेक्यावर बसवून प्रसृत करण्यात आले व ते ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर गेले. आवाज व शब्द तेच होते; बदलला होता तो वाद्यसाज, आणि गायकाच्या मृत्यूनंतर त्या शब्दांना आलेला अर्थही. ‘मेड इन हेवन’ व ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ या गीतांतील मर्क्युरीचा आवाज कायम ठेवून उरलेल्या तिघांनी त्यांना आपल्या वादनाची जोड दिली. ही रूपे क्वीनच्या मेड इन हेवन (१९९५) या ध्वनिमुद्रिकेत समाविष्ट आहेत. दुसरे गीत २००४ मध्ये जपानमधील एका दूरचित्रवाणी मालिकेमुळे तेथे पुन्हा लोकप्रिय झाले. जॅक्सनबरोबरचे युगुलगान २०१४ मध्ये प्रकाशात आले. या सर्व रूपांमुळे मूळ ध्वनिमुद्रिका काहीशी झाकोळून गेली. २०१९ मध्ये मूळ ध्वनिफितींवरून तिचे नवे ध्वनिमिश्रण करण्यात आले. त्यात मर्क्युरीचा आवाज अधिक स्पष्ट झाला असला, तरी १९८५ मधील वाद्यसाज मूळचाच ठेवलेला आहे.