इंजिनातला ठोका : काजळी, शिसे आणि एका उपायाची किंमत

१/
घाटाच्या चढावर गाडी जोर लावू लागते आणि बॉनेटखालून कोणी लहान हातोडीने लोखंड ठोकावे तसा आवाज येतो. मेकॅनिक एका वाक्यात निदान करतो : "इंजिन नॉक मारतंय, कार्बन धरलाय." शंभर वर्षांपूर्वीही निदान हेच होते. अमेरिकेत तर त्या आवाजाला 'कार्बनचा ठोका' असेच म्हणत. हा थ्रेड त्या ठोक्याचा, तो थांबवण्यासाठी योजलेल्या उपायांचा, आणि त्यांतल्या एकाची किंमत कोणी चुकवली याचा आहे.

२/
आधी यंत्राची बाजू. पिस्टन पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबतो, प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाला सिलिंडरभर पसरत जाते. ज्वाला पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेटले, तर दाबाची लाट धातूवर आदळते. हाच तो ठोका. जळलेल्या वंगणाचा आणि अर्धवट जळालेल्या इंधनाचा काळा थर पिस्टनच्या डोक्यावर साचला की मिश्रणाला जागा कमी उरते, म्हणून दाब वाढतो. थर उष्णताही धरून ठेवतो. शिवाय त्याचा एखादा कण निखाऱ्यासारखा तापून ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवून देतो. कार्बनवरचा आळ खोटा नव्हता. फक्त अपुरा होता.

३/
१९१०च्या दशकातील मोटारमालकाला या थराशी वर्षानुवर्षे झुंजावे लागे. त्या काळच्या पिस्टन रिंग सैल, वंगण वरपर्यंत चढे आणि तिथेच जळे. अनेक इंजिनांत सिलिंडर आणि त्याचे डोके एकसंध ओतलेले असे. मग व्हॉल्व्हच्या झाकणांतून वाकडी हत्यारे घालून आंधळेपणाने खरवडणे किंवा अख्खे सिलिंडर उतरवणे हाच मार्ग. १९०८मध्ये आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीचे हेड बोल्ट काढून उचलता येई, ही सामान्य मालकाच्या दृष्टीने केवढी सोय होती! थंड करणारे पाणी काढायचे, हेड उतरवायचे, पिस्टन वर आणून त्यावरचा थर बोथट पात्याने खरवडायचा, व्हॉल्व्ह घासून बसवायचे आणि गॅस्केट घालून पुन्हा सारे आवळायचे.

आळशी मालकांसाठी इतरही उपाय होते. कोणी प्लगच्या भोकातून रॉकेल ओतून रात्रभर ठेवी, म्हणजे थर सैल होई. सर्वांत नाट्यमय प्रकार गॅरेजात चाले : त्याच भोकातून नळीने ऑक्सिजन सोडून आत पेटती काडी टाकायची. कार्बन जळू लागे आणि भोकातून ठिणग्यांचे कारंजे उडे. हे काम करणाऱ्याच्या भुवया शाबूत राहत असतील का, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

(आपल्याकडेही टू-स्ट्रोक स्कूटरच्या जमान्यात हेड आणि सायलेन्सरमधला कार्बन काढणे हा सर्व्हिसिंगचाच भाग होता. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले असल्यावर दुसरे काय होणार!)

४/
पण एक गोष्ट जुळत नव्हती. नुकतीच साफ केलेली, कोरी करकरीत इंजिनेही ठोके देऊ लागली. मोटारींची संख्या झपाट्याने वाढत होती, पेट्रोल पुरत नव्हते, म्हणून तेलकंपन्या त्यात खनिज तेलाचे अधिक जड भाग मिसळू लागल्या होत्या. ओहायो राज्यातील डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांची डेल्को कंपनी होती. कॅडिलॅक गाडीला १९१२मध्ये हँडल न मारता सुरू होण्याची सोय देणारे ते हेच. त्यांच्या बॅटरीवरच्या प्रज्वलन यंत्रणेमुळेच ठोका येतो, अशी ओरड सुरू झाली. स्वतःच्या यंत्रणेवरचा कलंक पुसणे केटरिंग यांना भाग होते. १९१६मध्ये त्यांनी हे काम थॉमस मिजली या तरुण यांत्रिकी अभियंत्याकडे सोपवले.

५/
मिजली यांनी सिलिंडरमधील दाबाची क्षणाक्षणाची नोंद घेणारे उपकरण तयार केले. नोंदीत दिसले ते असे : ठोका ठिणगीनंतर, ज्वलनाच्या उत्तरार्धात येतो. म्हणजे ठिणगी निर्दोष होती. निखाऱ्यासारख्या कार्बनमुळे आधीच पेटणे हा वेगळा विकार आणि ठोका हा वेगळा, हेही स्पष्ट झाले. दोष इंधनाच्या स्वभावात होता. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डोही याच निष्कर्षापाशी पोहोचत होते.

पुढचा किस्सा प्रसिद्ध आहे. इंधन लाल केले तर ते उष्णता लवकर शोषून नीट जळेल, अशी एक भाबडी कल्पना निघाली. तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून आयोडीन टाकले. ठोका थांबला! मग खरे लाल रंग आणून पाहिले, तर काहीच फरक नाही. रंगाचा संबंध नव्हता. कल्पना चुकीची आणि प्रयोग यशस्वी. आयोडीन महाग आणि धातू खाणारे, तेव्हा शोध पुढे चालला. ॲनिलीन झाले, सेलेनियम झाले. टेल्युरियमची दुर्गंधी तर अंगाला अशी चिकटे की संशोधकांना माणसांत जाणे नकोसे होई. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक सेंद्रिय संयुग, इंजिनात गेले आणि ठोका नाहीसा झाला. गॅलनभर पेट्रोलला जेमतेम ३ घनसेंटिमीटर पुरत.

६/
येथे थोडे थांबू. शिसे हा एकमेव पर्याय होता का? नव्हता. अल्कोहोल मिसळल्याने ठोका थांबतो, हे याच मंडळींना ठाऊक होते. रिकार्डो यांनी तर सिलिंडरच्या डोक्याचा आकारच असा बदलला की मिश्रण घुसळले जाऊन भराभर जळे आणि ठोका कमी होई. पण अल्कोहोल मोठ्या प्रमाणात लागे, आणि त्या साध्या मिश्रणावर कोणाची मालकी सांगणे अवघड होते. शिशाच्या संयुगाचा हक्क मात्र राखता येत होता. केवळ नफ्यासाठी शिसे निवडले, असे सरसकट म्हणणे मला सोपेपणाचे वाटते. स्वस्त आणि किंचित मात्रेत चालणारे द्रव्य कोणत्याही अभियंत्याला मोह घालणारच. तथापि विकताना त्याचे नाव नुसते 'एथिल' ठेवले आणि शिशाचा उल्लेख गाळला, हा योगायोग मानता येत नाही. शिशाची विषबाधा रोमन काळापासून परिचित होती. खुद्द मिजली यांना १९२३च्या प्रारंभी ती झाली आणि विश्रांतीसाठी फ्लोरिडाला जावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत डेटनमध्ये हे पेट्रोल विक्रीला आले.

७/
ऑक्टोबर १९२४. न्यू जर्सीतील बेवे येथील शुद्धीकरण कारखान्यात हे द्रव्य तयार करणारे कामगार भ्रमिष्ट झाले. पाच जण दगावले, कित्येक रुग्णालयात गेले. त्याच राज्यातील डीपवॉटरच्या कारखान्याला कामगारांनी 'फुलपाखरांचे घर' असे नाव ठेवले होते, कारण विष भिनलेल्यांना हवेत नसलेले किडे दिसत आणि ते हातांनी झटकत. ३० ऑक्टोबरला मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतले आणि त्याची वाफ हुंगून दाखवली. पावणेदोन वर्षांपूर्वी स्वतः आजारी पडलेला माणूस हे करत होता! त्यांच्या चरित्रातले हे पान मला सर्वाधिक अस्वस्थ करते. (फ्रिजमधल्या फ्रिऑन वायूमागेही हेच गृहस्थ होते, तो स्वतंत्र थ्रेडचा विषय.)

८/
मे १९२५मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली. वैद्यक आणि विषशास्त्र जाणणाऱ्या ॲलिस हॅमिल्टन व येलचे यांडेल हेंडरसन यांनी बजावले की कामगारांपुरता हा प्रश्न नाही, रस्त्यावरच्या धुराचा आहे. उद्योगाचा प्रतिवाद असा, की अपाय सिद्ध करा, मग बोला. १९२६च्या समितीने बंदीसाठी पुरेसा आधार नसल्याचे सांगितले आणि पुढील अभ्यासाची शिफारस केली. तो अभ्यास पुढची अनेक वर्षे मुख्यत्वे उद्योगाच्याच पैशावर रॉबर्ट केहो यांच्या प्रयोगशाळेत झाला.

९/
आता पुन्हा साचलेल्या थराकडे. शिशाने ठोका गेला, पण शिशाचे ऑक्साइड प्लगवर आणि व्हॉल्व्हवर साचू लागले. कार्बन गेला नव्हताच, त्याला जोडीदार मिळाला. तोड म्हणून पेट्रोलमध्ये एथिलीन डायब्रोमाइड घातले गेले. त्यामुळे शिशाचे ब्रोमाइड होऊन ते धुराबरोबर उडून जाई. इंजिन स्वच्छ राहिले. जो मळ पूर्वी मालक हेड उघडून स्वतःच्या अंगणात खरवडून टाकी, त्याच्या जागी आलेला हा नवा मळ रस्त्यालगतच्या मातीत आणि तिथे खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात जमू लागला. लेखातले एवढेच एक तांत्रिक वाक्य लक्षात ठेवले तरी पुरे.

१०/
हे उघड केले ते पृथ्वीचे वय मोजणाऱ्या भूरसायनशास्त्रज्ञाने. १९५६मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले. त्या मोजमापात त्यांना जिथे तिथे बाहेरून आलेले शिसे छळत होते. १९६५मध्ये त्यांनी मांडले की ज्याला 'नेहमीचे' प्रमाण समजतात, ते मुळात माणसाने केलेले प्रदूषण आहे. तरीही शिशाचा पाय खऱ्या अर्थाने निसटला तो १९७५च्या सुमारास, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आल्यावर, कारण शिशाने तो निकामी होतो. मुलांच्या मेंदूआधी यंत्राची बाजू ऐकली गेली, असे म्हणणे कठोर आहे, पण कालक्रम तसाच आहे.

११/
अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी संपूर्ण बंदी १९९६मध्ये आली. भारतात १ एप्रिल १९९५पासून मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी २०००पासून ते देशभर लागू झाले. जगात सर्वांत शेवटी अल्जीरियाने जुलै २०२१मध्ये शिसे सोडले. म्हणजे पहिल्या विक्रीपासून ९८ वर्षे.

१२/
आणि कार्बन? तो आहेच. आजच्या गाड्यांत ठोका ऐकणारा सेन्सर असतो. तो चाहूल लागताच ठिणगी थोडी उशिरा पाडतो, म्हणून आपल्याला आवाज कमी ऐकू येतो. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या नव्या इंजिनांत आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर पेट्रोलचा हात फिरत नाही, त्यामुळे तिथे काळा थर धरतो. तो काढण्यासाठी गॅरेजात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबाच्या हवेने मारतात : कार्बन निघण्याइतका कठीण, धातूला ओरखडा न पडण्याइतका मऊ.