इन्फिनिटिव्ह व जेरंड (समांतर रचनेतील निवड)

‘अँड’, ‘ऑर’, ‘दॅन’ अशा शब्दांनी जोडलेली पदे एकाच घडणीची असावीत, या इंग्रजी संकेतातून उद्भवणारा व्याकरणप्रश्न. ‘शी लाइक्स टू रीड अँड स्विमिंग’ चूक धरतात; ‘रीडिंग अँड स्विमिंग’ (जेरंड) किंवा ‘टू रीड अँड टू स्विम’ (इन्फिनिटिव्ह) चालते. दुसरा ‘टू’ गाळला तरी बिघडत नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेतील स्पर्धा परीक्षांच्या क्लासांत हा भाग ‘पॅरललिझम’ म्हणून शिकवतात.

निवड : रूप आधी मुख्य क्रियापद ठरवते, समांतरता नंतर येते. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश यांपुढे जेरंडच. वाँट, होप, डिसाइड, रिफ्यूज यांपुढे इन्फिनिटिव्हच. लाइक, बिगिन, स्टार्ट यांना दोन्ही चालतात आणि समांतरतेचा नियम खरा कामाला येतो तो इथेच. ‘ही डिसायडेड टू लीव्ह अँड अव्हॉइडेड मीटिंग हर’ हे वाक्य शुद्ध आहे, कारण ‘अँड’ने जोडली आहेत ती डिसायडेड आणि अव्हॉइडेड. नुसती रूपे जुळवत बसणारा उमेदवार नेमके हेच वाक्य चूक ठरवून येतो. ‘प्रिफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग’मधला ‘टू’ इन्फिनिटिव्हचा नव्हे. ‘लुक फॉरवर्ड टू’मधलाही नव्हे. त्यांच्यापुढे जेरंडच येतो. ‘स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे सिगारेट सोडली, ‘स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे ओढण्यासाठी थांबला. तिथे समांतरतेखातर रूप बदलले तर अर्थच बदलतो.

मराठीशी तुलना : मराठीचे ‘-णे’ बहुतेक वेळा दोन्ही रूपांचे काम भागवते. ‘मला पोहायला आणि वाचणे आवडते’ मात्र मराठी कानालाही खटकते. म्हणजे समांतरतेची जाण विद्यार्थ्याजवळ असतेच. पाठ करावी लागते ती क्रियापदांची यादी.

संस्कृताचा आधार : न्यू इंग्लिश स्कूलचे वामन शिवराम आपटे (मृत्यू १८९२, १८८५ मध्ये स्थापन झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य) यांचे ‘द स्टुडंट्स गाइड टू संस्कृत कॉम्पोझिशन’ १८८१ मध्ये निघाले. इंग्रजी वाक्ये संस्कृतात उतरवायला लावणाऱ्या या पुस्तकात तुमन्ताची (‘-तुम्’ने संपणाऱ्या रूपाची) स्वतंत्र चर्चा आहे. संस्कृत तुमन्त मुख्यतः हेतू सांगते. ते इंग्रजी इन्फिनिटिव्हप्रमाणे कर्त्याच्या जागी बसत नाही. तिथे ‘गमनम्’सारखे भाववाचक नाम लागते. मराठी ‘-णे’ हे ‘गमनम्’मधल्या ‘-अन’ प्रत्ययाच्या घराण्यातले. जेरंडचे नामपण संस्कृत शिकलेल्याला लवकर उमगते ते यामुळे. क्लासांच्या नोट्समध्ये हा धागा दिसत नाही, ही उणीवच म्हणावी.

परीक्षा : महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या काही परीक्षांत इंग्रजी व्याकरणाचे प्रश्न बहुपर्यायी असतात, त्यामुळे सवयीने चालणाऱ्या रूपांनाही ‘चूक’ किंवा ‘बरोबर’ असा एकच शिक्का बसतो. तयारीसाठी रेन व मार्टिन यांचे व्याकरण अभ्यासिकांच्या टेबलांवर अजून असते. यांपैकी पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते. ‘बो जेस्ट’ (१९२४) ही कादंबरी त्यांचीच. पेठेत ते व्याकरणकार म्हणूनच ओळखले जातात.

मतभेद : जेरंडच्या आधी षष्ठी यावी की नाही, म्हणजे ‘हिज गोइंग’ की ‘हिम गोइंग’, यावर इंग्रजीचे अभ्यासक फाउलर व येस्पर्सन यांचे एकमत नव्हते. हडल्स्टन व पुलम यांच्या केंब्रिज व्याकरणाने (२००२) जेरंड व वर्तमान कृदन्त हा भेदच मोडीत काढला. क्लासांत तो अजून कायम आहे.

बोली इंग्रजी : समांतरतेचा संकेत सैल.