डिलीट आणि एक्सपंज

शनिवारी सकाळी फोन आला तेव्हा मी पोहे खात होतो. "अरे, मेल सर्व्हरची मेमरी संपत आलीये, कोणाचंच मेल जात नाहीये!" आदल्या रात्री मीच एक स्क्रिप्ट लावून ठेवली होती. सपोर्टच्या सामाईक मेलबॉक्समधली दोनेक लाख जुनी अलर्ट मेल्स डिलीट करायची, बस्स. जागा रिकामी व्हायची सोडून मेमरी भरली. मला वाटलं, लीक. सर्व्हर रीस्टार्ट केला, स्क्रिप्ट परत चालवली, अर्ध्या तासात पुन्हा तेच.

मग नीट बघितलं. गंमत म्हणजे डिलीट करणारी प्रोसेस शांत होती. फुगल्या होत्या बाकीच्या, ज्यांनी तोच मेलबॉक्स नुसता उघडून ठेवला होता!

याचं मूळ थेट १९८६ मध्ये आहे. मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डला आयमॅप तयार केलं ते त्या साली. हे गृहस्थ टॉप्स-२० च्या जगातले. तिथे डिलीट केलेली फाइल लगेच जात नसे, तिच्यावर फक्त खूण व्हायची. मन बदललं तर अनडिलीट. एक्सपंज म्हटलं की मात्र कायमची गेली. आयमॅपमध्येही तसंच आहे, आधी 'डिलीटेड' फ्लॅग, मग एक्सपंज.

इथवर ठीक. खरी मेख क्रमांकांत आहे. आयमॅपमध्ये मेलचे क्रमांक रेशनच्या रांगेसारखे असतात, एक गेला की मागचे सगळे सरकतात. ९ मेल्सपैकी शेवटची ५ पुसली आणि सर्व्हर लहान क्रमांकापासून निघाला, तर तो क्लायंटला '५ गेलं' हेच पाच वेळा सांगतो. २००३ च्या आरएफसी ३५०१ मध्ये चक्क हेच उदाहरण आहे. बरं, हे केव्हाही सांगता येत नाही. फेच, स्टोअर, सर्च यांचं उत्तर देताना बंदी, आणि एकही कमांड चालू नसेल तरी बंदी. नाहीतर क्लायंट भलतंच मेल पुसायचा. तोवर प्रत्येक सेशनचा जुना हिशेब सर्व्हरने लक्षात ठेवायचा. आमच्याकडे दोन लाख मेल्स, गुणिले उघड्या खिडक्या.

आधी मी या डिझाइनला भरपूर शिव्या घातल्या. पण कोणाचं चुकीचं मेल उडण्यापेक्षा मेमरी गेलेली परवडली, हे मान्य करावं लागलं.

उपाय पुढे आले, पण सावकाश. १९९८ च्या यूआयडीप्लसमुळे न बदलणाऱ्या यूआयडीने ठरावीक मेल्सच एक्सपंज करता येऊ लागली. २००८ च्या क्यूरीसिंकमध्ये 'व्हॅनिश्ड' आलं, म्हणजे अमुक ते अमुक यूआयडी गेले, एका ओळीत! पण ते क्लायंटने आधी मागावं लागतं. आमचे जुने क्लायंट कसले मागतायत...

शेवटी सगळ्यांना त्या मेलबॉक्समधून बाहेर पडायला सांगितलं आणि दोन-दोन हजारांचे तुकडे करून यूआयडीने एक्सपंज केलं. रविवारी रात्री अकराला शेवटचा तुकडा गेला. सोमवारी सपोर्टमधल्या एकाने विचारलं, "त्यातलं एक अलर्ट परत मिळेल का रे?"