एका रात्रीत सात कोटींचं बिऱ्हाड

सोमवार, ४ ऑक्टोबर २०२१. सकाळी सात. आपत्तीला चौदा तास.

त्या दिवशी राज्यातल्या शाळा उघडल्या. गावखेड्यांत पाचवी ते बारावी, शहरांत आठवी ते बारावी. त्याआधीचं दीड वर्ष यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातली शाळा बापाच्या मोबाइलमध्ये भरत होती. बाप शेतात गेला की शाळाही त्याच्यासोबत शेतात जायची आणि संध्याकाळी त्याच्यासोबतच परत यायची. मास्तर अभ्यासाचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकत, पोरं वहीचा फोटो उलट पाठवत. आता खरी घंटा वाजली, पण गट काही सुटला नाही. संमतिपत्राचा नमुना, मास्कची सूचना, कोणत्या वर्गाने कधी यायचं, सगळं त्याच गटावर.

पुढे जे घडलं ते कळायला हे ध्यानात हवं. या गावांनी आपला कारभार दुसऱ्याच्या जागेत थाटला होता. भाडं नव्हतं आणि करारनामा कुणी वाचला नव्हता.

सकाळी अकरा. दहा तास.

सोयाबीनचा हंगाम. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. ऑगस्टच्या अखेरीस केंद्राने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास घसरला. सप्टेंबरच्या शेवटी गुलाब चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या पावसाने जिल्हा झोडपला. २८ तारखेला उमरखेड तालुक्यात दहागावच्या पुलावरून एसटी बस वाहून गेली, तिचा व्हिडिओ त्या आठवड्यात देशभर फिरला.

अशा हंगामात माल राळेगावच्या बाजार समितीत न्यायचा की वर्धा नदी ओलांडून हिंगणघाटला, हे सकाळच्या भावावर ठरतं. भाव येतो मोबाइलवर. कुणीतरी पावतीचा फोटो टाकतो, कुणी ओलाव्याची कटती किती धरली ते लिहितो, तिसरा 'गाडी भरू नका' म्हणतो. त्या गटाला कुणी 'ऑनलाइन समुदाय' म्हणत नाही, पण समुदाय म्हणायला लागतं ते सगळं त्यात आहे. नियम आहेत, रुसवेफुगवे आहेत, सकाळी फुलांचे फोटो टाकणारे आहेत आणि ते बंद करा म्हणून दर महिन्याला चिडणारा एक जण आहे.

दुपारी दोन. सात तास.

या आपत्तीची तालीम नऊ महिने आधी होऊन गेली होती. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपने नवं गोपनीयता धोरण पुढे केलं आणि ते मान्य करायला ८ फेब्रुवारीची मुदत दिली. एलॉन मस्कने 'सिग्नल वापरा' एवढंच लिहिलं. सिग्नल या दुसऱ्या अॅपवर इतकी झुंबड उडाली की १५ जानेवारीला सिग्नलच बसलं. टेलिग्राम या तिसऱ्या अॅपकडे ७२ तासांत अडीच कोटी माणसं गेली. व्हॉट्सअॅपने मुदत १५ मेपर्यंत लांबवली.

टेलिग्रामने तेव्हा एक खरी कामाची सोय केली होती. २८ जानेवारीपासून व्हॉट्सअॅपवरचं जुनं संभाषण, फोटोंसकट, टेलिग्रामवर उचलून नेता येऊ लागलं. म्हणजे सामान हलवण्याची गाडी दारात उभी होती. ज्यांना जायचं त्यांनी शांतपणे, दिवसाउजेडी, आठवडाभर दोन्हीकडे राहून जावं, एवढा अवकाश होता. बहुतेक गटांत एक-दोन तरुणांनी दुवा टाकला, चार जण तिकडे गेले आणि आठ दिवसांत गुपचूप परत आले. मग ती गोष्ट मागे पडली.

माझं मत विचाराल तर चूक त्या तरुणांची नव्हती. गटातली साठीची मावशी नव्या ठिकाणी सापडणार नाही, हे दिसत असताना तिला सोडून पुढे जाणं कुणाला जमत नाही. जमू नयेही.

रात्री नऊ. नऊ मिनिटं.

जेवणं उरकलेली. फोन हातात घ्यायची हीच वेळ. सरकारने त्या वर्षी फेब्रुवारीत दिलेला आकडा होता: भारतात व्हॉट्सअॅप वापरणारे ५३ कोटी, फेसबुक ४१ कोटी, इन्स्टाग्राम २१ कोटी. तिन्हींचा मालक एकच, फेसबुक.

नऊ वाजून नऊ मिनिटं.

फेसबुकच्या जगभरच्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या मुख्य जाळ्याची देखभाल चालू होती. त्या जाळ्याची क्षमता किती आहे हे पाहण्यासाठी एक आज्ञा दिली गेली. त्या आज्ञेने जाळ्यातल्या साऱ्या जोडण्या तुटल्या. अशी आज्ञा अडवण्यासाठी तपासणीची यंत्रणा होती, पण तिच्यातच दोष होता, त्यामुळे तिने अडवलं नाही.

इथवर बिघाड घरातला होता. तो जगभर झाला तो पुढच्या पायरीला. फेसबुकचे डीएनएस सर्व्हर, म्हणजे नाव सांगितलं की पत्ता देणारी यंत्रं, अशी बांधलेली होती की डेटा सेंटरशी बोलणं तुटलं तर त्यांनी स्वतःला बिघडलेलं समजावं आणि इंटरनेटला आपला रस्ता सांगणं बंद करावं. त्यांनी नेमकं तेच केलं. गाव जागेवर, घरं जागेवर, पण वडकी फाट्यापासून पुढच्या सगळ्या पाट्या एका झटक्यात उपटून टाकाव्यात, तशी गत झाली. यंत्रं चालू होती, त्यांच्यापर्यंत कुणी पोचू शकत नव्हतं.

साडेनऊच्या आत क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या अभियंत्यांना दिसलं की फेसबुकने आपले मार्ग जाहीर करणंच थांबवलंय. त्यांना आधी वाटलं बिघाड आपलाच आहे.

राळेगावातही तसंच. कुणालाही पहिला संशय स्वतःच्या फोनवरच येतो. रिचार्ज संपला का? टॉवर गेला का? पोराने काही दाबलं का? अशा वेळी इकडे एकच प्रश्न विचारला जातो, "तुयं चालू हाय काय?" आणि तो विचारायला फोनच करावा लागतो. साधा फोन त्या रात्री ठणठणीत चालू होता. एसएमएसही.

रात्री साडेदहा.

या तासात एक वेगळंच नुकसान झालं.

अॅप चालेना म्हटल्यावर माणूस ते काढून पुन्हा टाकतो. व्हॉट्सअॅप पुन्हा टाकलं की ते नंबर पडताळायला कंपनीच्या सर्व्हरकडे जातं, आणि सर्व्हर तर सापडत नव्हता. म्हणजे ज्यांनी धीर धरला त्यांच्याकडे निदान जुने निरोप वाचायला होते. ज्यांनी दुरुस्तीचा उत्साह दाखवला ते बाहेर अडकले. शिवाय अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअॅप आपली प्रत रोज पहाटे दोनला काढतं. त्यानंतर दिवसभरात आलेलं त्या प्रतीत नसतं. सोमवारी रात्री ज्याने अॅप काढून टाकलं, त्याच्या फोनमधून शाळेचा पहिला दिवसच गेला. सूचना गेल्या, सोयाबीनचे भाव गेले.

स्थलांतराच्या कामात मुरलेले लोक एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: नवं घर चालतंय याची खात्री होईपर्यंत जुन्याला हात लावू नका. त्या रात्री अनेकांनी नेमकं उलटं केलं, कारण आपण स्थलांतर करतोय हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

रात्री अकरा.

टेलिग्रामवर आधीपासून खातं असलेल्यांचे फोन वाजू लागले. अमुक टेलिग्रामवर आले. तमुक टेलिग्रामवर आले. शाळेतला जुना मित्र, दूध संकलनवाला, नागपूरची वहिनी. एका दिवसात ७ कोटी नवे लोक आले. टेलिग्रामच्या पावेल दुरोवने त्यांना 'निर्वासित' म्हटलं. अमेरिका खंडात टेलिग्राम थोडा मंदावला, इतकंच. सिग्नलवरही लाखोंची भर पडली.

आता पाहा काय होतं. नव्या जागी माणूस येतो आणि गट शोधतो. गट नाही. मग तो स्वतःच एक उघडतो. दुसऱ्या टोकाला दुसरा कुणी त्याच नावाचा दुसरा गट उघडतो. अॅडमिन कोण? जुन्या गटात ते ठरलेलं असतं, इथे जो आधी आला तो. दुवा पाठवायचा तर कशावरून? आजवर प्रत्येक दुवा पाठवला तो व्हॉट्सअॅपवरून, आणि तेच गेलेलं. जुनं संभाषण उचलून आणायची सोय जानेवारीपासून होती. पण संभाषण आणलं तरी माणसं आपोआप येत नाहीत. ती एकेक करून बोलवावी लागतात, आणि बोलवायला त्यांचे नंबर हाताशी लागतात.

काहींना तर बोलवूनही उपयोग नव्हता. २०१८ च्या सप्टेंबरपासून जिओच्या बटणाच्या फोनवर व्हॉट्सअॅप मिळू लागलं होतं. टेलिग्रामचं अधिकृत अॅप त्या फोनसाठी नव्हतं. स्मार्टफोन न परवडणाऱ्या घरातली पोरं दीड वर्ष ज्या खिडकीतून शाळा पाहत होती, तिच्या जागी दुसरी खिडकी नव्हतीच. नव्या सॉफ्टवेअरची तुलना करताना लोक त्यातल्या सोयी मोजतात. आपल्यातल्या कुणाला तिथे प्रवेशच नाही, हे आधी मोजायला हवं.

या तालुक्याला रात्रीच्या निरोपाचं मोल शिकवावं लागत नाही. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली टी-१ वाघीण, जिला बाहेरचं जग अवनी म्हणतं, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालून मारली गेली ती इथल्याच बोराटीच्या जंगलात. त्याआधीच्या काळात शेतात एकट्याने जायला माणूस धजत नव्हता. जनावर कुठे दिसलं ही बातमी वेळेत कळणं म्हणजे काय, हे तेव्हा कळलं. ४ ऑक्टोबरच्या रात्री असं काही निघालं असतं तर? निघालं नाही, हे नशीब. नशिबावर व्यवस्था चालत नाही.

मध्यरात्रीनंतर.

तिकडे कॅलिफोर्नियात दिवस होता आणि फेसबुकच्या लोकांची अवस्था राळेगावकरांपेक्षा वेगळी नव्हती. बिघाड शोधायची त्यांची अवजारं त्याच जाळ्यावर होती. आपसात बोलायची सोयही त्यावरच. काहींचे कार्यालयात शिरायचे बिल्लेसुद्धा चालेनात, असं बातम्यांत आलं. अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरांत पाठवावं लागलं. तिथली यंत्रं बाहेरच्या कुणाला हात लावता येऊ नये अशीच बांधलेली, त्यामुळे आतल्यांनाही वेळ लागला. कंपनीच्या पायाभूत यंत्रणेचे प्रमुख संतोष जनार्दन यांनी नंतर सविस्तर लिहिलं. मोठ्या संकटाच्या तालमी आम्ही नेहमी घ्यायचो, पण सगळं मुख्य जाळंच गेलंय अशी तालीम कधी घेतली नव्हती, अशी कबुली त्यांनी त्यात दिली.

रात्री दीडला न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद झाला, तेव्हा फेसबुकचा शेअर सुमारे ५ टक्क्यांनी उतरलेला होता.

ठरवून केलेलं स्थलांतरही सोपं नसतं. ऑर्कुट बंद होणार हे गूगलने ३० जून २०१४ ला सांगितलं आणि ३० सप्टेंबरला ते बंद केलं. पूर्ण तीन महिने. १५ डिसेंबर २०२० ला याहू ग्रुप्स गेलं, तेही आगाऊ सांगून. मराठी माणसांचे कितीतरी कट्टे या दोन्ही ठिकाणी होते. मुदत मिळूनही त्यातले बरेच नव्या जागी पोचलेच नाहीत, कारण शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणीच यादी करायला बसत नाही. इथे तर नऊ मिनिटांचीही सूचना नव्हती.

पहाटे दोन पन्नास.

फेसबुकचं नाव पुन्हा पत्ता देऊ लागलं. तीनच्या आतबाहेर जोडणी आली. व्हॉट्सअॅप हळूहळू, चारच्या सुमारास. सगळं एकदम चालू केलं तर भार झेपणार नाही म्हणून ते टप्प्याटप्प्याने उघडत होते. अडलेले निरोप पाठवणाऱ्यांच्या फोनमध्येच थांबलेले होते, ते भराभरा सुटू लागले.

मंगळवार, सकाळी सात.

वर्गाच्या गटावर फुलांचा फोटो आला. त्यावर चिडणाराही आला. रात्रीच्या टेलिग्राम गटांत शेवटचा निरोप बहुधा एकच होता: 'चालू झालं रे.' ७ कोटींपैकी किती जण तिथे राहिले कोण जाणे, राळेगावचे गट मात्र जिथे होते तिथेच परतले. त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. माणसं अॅपवरच्या प्रेमापोटी परतली नाहीत, गटाची यादी तिथे होती म्हणून परतली. कोण कोण आहे, कुणाचा नंबर काय, अॅडमिन कोण, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

म्हणून जे कुणी गटाचे अॅडमिन असाल, मास्तर असा, सोसायटीचे सचिव असा की भजनी मंडळाचे, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. आज संध्याकाळी गट उघडा आणि सभासदांची नावं, मोबाइल नंबर एका वहीत उतरवून घ्या. ज्यांच्याकडे बटणाचा फोन आहे त्यांच्यापुढे खूण करा. व्हॉट्सअॅप बंद पडलं तर कोण कुणाला फोन करणार हे त्याच पानावर लिहा. ती वही शाळेच्या किंवा सोसायटीच्या कपाटात ठेवा आणि दर जूनमध्ये नवे नंबर भरा. अॅप बंद दिसलं तर ते काढून टाकू नका.