कागदाचा गुन्हा आणि काळे पाणी



१८११ साली एडवर्ड ईगर नावाचा एक आयरिश वकील कैद्यांच्या जहाजातून सिडनीला पोहोचला. खोटी हुंडी खरी म्हणून चालवल्याबद्दल त्याला फाशी सुनावली होती. ती बदलून जन्मठेपेची हद्दपारी झाली. तेथे त्याला काही वर्षांतच माफी मिळाली. तो व्यापारी झाला आणि सुटलेल्या कैद्यांच्या हक्कांसाठी भांडला.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी आपल्या नाशिकचा एक माणूस कागदापायीच काळ्या पाण्यावर गेला. त्याचा कागद मात्र खोटा नव्हता. तिळभांडेश्वराच्या गल्लीत राहणारे गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांनी ‘लघु अभिनव भारतमाले’त कवी गोविंदांच्या कविता छापल्या. स्वतः लिहिल्याही नव्हत्या, फक्त छापल्या. त्या कविता म्हणजे बादशहाविरुद्ध युद्धाला चिथावणी, असे न्यायालयाने ठरवले आणि जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप काळे पाणी झाले. मालमत्ताही सरकारजमा झाली. या शिक्षेचा सूड म्हणून २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, हे आपण जाणताच. पुढे सारे लक्ष त्या खटल्याकडे गेले आणि मूळ कैदी मागे पडला.

अंदमानच्या कारागृहात बाबारावांना कोलूला जुंपले. दिवसाला तीस पौंड खोबरेल निघाले पाहिजे, असा हिशेब होता. भरले नाही तर शिव्या आणि खडी दंडाबेडी. तेथला जेलर बारी हाही आयरिशच. ज्या लोकांना इंग्रजांनीच जहाजे भरभरून हद्दपार केले, त्यांच्यातला! गिरणीच्या दारात सभा घेता घेता आमचे केस पिकले. माणसाच्या ताकदीपेक्षा थोडे जास्त काम नेमायचे आणि मग त्याला कामचुकार म्हणायचे, ही युक्ती आमच्या चांगली ओळखीची आहे. राजबंद्यांनी तिच्यावर आमचाच उपाय केला : संप. ना रजा, ना पगार, ना वकील, हाताशी फक्त नकार. १९१३ मध्ये हिंदुस्थान सरकारचे गृहमंत्री क्रॅडॉक यांना तेथे जाऊन या कैद्यांची गाऱ्हाणी ऐकावी लागली.

बाबारावांच्या पुढच्या राजकारणाशी आमचे जमणारे नाही, हे आम्ही उघड सांगतो. पण घाम कोणत्या मताच्या माणसाचा आहे हे पाहून आम्ही न्याय मागत नाही.

इकडे नाशिकात त्यांच्या पत्नी यशोदाबाई, म्हणजे येसूवहिनी, घर गेल्यावरही डगमगल्या नाहीत. स्वतः उभारलेल्या आत्मनिष्ठ युवती संघातून त्या स्त्रियांमध्ये काम करीत. १९१९ मध्ये पतीची भेट न होताच त्या वारल्या. बाबारावांना १९२१ मध्ये हिंदुस्थानात आणले आणि १९२२ मध्ये, ते अगदी खंगल्यावर, साबरमतीच्या तुरुंगातून सोडले. १९४५ मध्ये सांगलीस त्यांचा अंत झाला.

दोन्ही कैद्यांची शिक्षा जन्मठेपच. हुंडीवाल्याला सरकारने माफ केले, पुन्हा पेढीवर बसू दिले. गाणी छापणाऱ्याला शरीर मोडेपर्यंत सोडले नाही. सरकारला कोणत्या कागदाची भीती अधिक होती, ते यावरून आपणच ठरवावे. आणि तिळभांडेश्वराच्या गल्लीतून जाताना, तेथून गेलेल्या कैद्याइतकीच मागे राहिलेल्या त्या माउलीचीही आठवण ठेवावी, एवढीच आमची विनंती.