दोघांची दुचाकी, मे महिन्याची सुट्टी : आकुर्डी ते चाकण, एक धागा

१. निगडीच्या एका वाचक दाम्पत्याने विचारले : ‘मे महिन्यात मोटारसायकलवरून दोघांनीच दोन-तीन दिवस निवांत फिरायचे आहे. जवळपास कुठे जावे?’ प्रश्न साधा वाटतो. परंतु पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा प्रश्न विचारता येण्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या : वाहन, रस्ता आणि रजा. या तिन्हींचा इतिहास आपल्याच भूमीत घडला आहे. म्हणून उत्तर थोडे लांबणार. सहलीचा बेत धाग्याच्या शेवटी दिला आहे.

२. आरंभ वाहनापासून. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी ‘बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही कंपनी स्थापन झाली. १९४८ पासून ती परदेशी दुचाक्या-तीनचाक्या आयात करून विकू लागली. १९५९ मध्ये उत्पादनाचा सरकारी परवाना मिळाला, १९६० मध्ये इटलीच्या पियाज्जिओशी तांत्रिक सहकार्य झाले, आणि पुढे आकुर्डीच्या माळावर व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागली. हीच आजची बजाज ऑटो. त्या काळी आकुर्डी, चिंचवड, भोसरी ही गावेच होती. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला होता. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना व्हायची होती ती १९६२ मध्ये.

३. व्हेस्पाची घडण समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. १९४६ मध्ये कोर्रादिनो दास्कानिओ या विमान-अभियंत्याने ती रचली. मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे. बसण्यासाठी पाय उंच टाकून पलीकडे न्यावा लागतो, कपडे तेलकट होतात, चाक बदलणे त्रासाचे, हे त्याचे आक्षेप. म्हणून त्याने मधली जागा मोकळी ठेवली, यंत्र पत्र्याच्या आवरणाखाली दडवले आणि समोर पायांच्या बचावासाठी रुंद पत्रा दिला. युरोपातील झगा घालणाऱ्या स्त्रीचा विचार करून केलेली ही रचना भारतात धोतराला आणि नऊवारी-पाचवारीलाही मानवली. भारतीय कुटुंबाने स्कूटर इतक्या सहजपणे आपली का मानली, याचे अर्धे उत्तर या मोकळ्या जागेत आहे.

४. १९७१ मध्ये पियाज्जिओशी केलेला करार संपला. १९७२ मध्ये त्याच घडणीची स्कूटर महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन आली : चेतक. पण पैसे हाती असूनही ती लगेच मिळत नसे. कारखान्याने किती वाहने बनवावीत हे परवान्याने ठरलेले होते आणि मागणी त्याच्या कितीतरी पुढे गेली होती. नोंदणी करून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. ही प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंतही लांबे. मुलाच्या मुंजीच्या सुमारास नोंदवलेली स्कूटर त्याच्या महाविद्यालयाच्या दिवसांत दारी यावी, असा तो हिशेब. परिणामी वापरलेल्या स्कूटरला नव्या स्कूटरपेक्षा अधिक भाव येई. १९७५ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची स्थापना झाली आणि तेथून ‘प्रिया’ बाहेर पडू लागली, तरी ओढ कमी झाली नाही.

५. दोघांच्या सहलीशी याचा संबंध असा : ज्या वयात दोघांनी फिरायचे, त्या वयात वाहन नसे. स्कूटर येई तोवर घरात मुले आलेली असत. पुढे उभे राहिलेले मूल, मध्ये वडील, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई आणि तिच्या मांडीवर धाकटे, हे चित्र आपण जिव्हाळ्याने आठवतो. ते होतेही जिव्हाळ्याचे. पण त्यात एका रांगेची, एका परवान्याची आणि हातून निसटलेल्या दहा वर्षांची कथाही आहे.

६. त्या काळची उन्हाळी सहल कशी असे? द्विआघाती यंत्राला पेट्रोलमध्ये वंगणतेल मिसळून द्यावे लागे. सोबत जादा प्लग आणि पाना असे. मागे स्टेपनी असे. सकाळी गाडी एका अंगावर कलवून मगच किक मारायची. घाटात यंत्र तापले की वडाच्या सावलीत थांबायचे. पाण्याची बाटली आधी मुलांना, मग मोठ्यांना. आज ‘निवांत’ म्हणून जे थांबे आपण मुद्दाम आखतो, ते तेव्हा गाडीच ठरवीत असे.

७. आता मागच्या आसनाकडे पाहू. कारण हा इतिहास बहुधा पुढे बसणाऱ्यानेच लिहिला आहे. एका अंगाने बसलेल्या व्यक्तीचा तोल एकाच हाताच्या पकडीवर असतो. पदर वा ओढणी चाकात अडकण्याचे भय वेगळेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालकामागे एकाच व्यक्तीला, पक्क्या बसवलेल्या आसनावर बसण्याची मुभा दिली. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी दुचाकीला पकडण्यासाठी कडी, पाय टेकण्यासाठी आधार आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारे संरक्षण बंधनकारक केले. हेच आपले ‘साडी गार्ड’. जगातील फार थोड्या बाजारपेठांत दुचाकीच्या घडणीवर एका वस्त्राचा असा ठसा उमटला असेल.

८. त्याच कायद्यातील शिरस्त्राणाची तरतूद मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. तरीही रस्त्यावर दिसते ते असे : पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागचीच्या डोक्यावर ओढणी. दंड टाळण्यापुरती सुरक्षितता घेतली की ती फक्त चालवणाऱ्यापुरतीच उरते. गाडी घसरते तेव्हा दोघेही एकाच रस्त्यावर आदळतात.

९. मागचे आसन सोडून पुढे येण्याची वाटही पुण्याच्याच उद्योगाने मोकळी केली. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने ‘लुना’ आणली. हलकी, स्वस्त, पायडल मारून सुरू होणारी. १९८४ मध्ये जपानच्या होंडाशी भागीदारी झाली आणि ‘कायनेटिक होंडा’ आली : गियर नाहीत, बटण दाबले की सुरू. गाडी कलवणे नाही की किक मारणे नाही. नोकरी करणाऱ्या असंख्य स्त्रियांनी ‘मला सोडा’ म्हणणे थांबवले, ते अशाच वाहनांमुळे. सहलीच्या दृष्टीने हा बदल मोलाचा आहे. दोघांनाही चालवता येत असेल तर एकजण थकल्यावर दुसरा हँडल घेतो. मग मागचे आसन कुणा एकाचे राहत नाही.

१०. याच दशकात मोटारसायकलही बदलली. जपानी सहकार्याने १०० सीसीच्या हलक्या गाड्या आल्या : १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १००, तर १९८६ मध्ये कावासाकी-बजाज केबी १००. हिरो होंडाचे चतुराघाती यंत्र पेट्रोल वाचवी, धूर कमी सोडी. १९८९ मध्ये ‘हमारा बजाज’ ही जाहिरात घराघरांत पोहोचली. पण अवघ्या देशाने ती धून तोंडपाठ केली त्याच सुमारास स्कूटरच्या पायाखालची वाळू सरकू लागली होती. नव्वदचे दशक संपताना देशात स्कूटरपेक्षा मोटारसायकली अधिक विकल्या जाऊ लागल्या.

११. आकुर्डीच्या कंपनीचे उत्तर चाकणहून आले. नोव्हेंबर २००१ मध्ये १५० आणि १८० सीसीची ‘पल्सर’ बाजारात उतरली. तिचे घोषवाक्य होते ‘डेफिनेटली मेल’. बारा वर्षांत ‘हमारा’पासून ‘पुरुषी’पर्यंतचा हा प्रवास समाजशास्त्राच्या अभ्यासकाने जरूर पाहावा. कुटुंबाचे वाहन एका तरुणाचे वाहन झाले. सपाट आसनाची मागची बाजू पुढे अनेक गाड्यांत उंच आणि अरुंद होत गेली. विकत घेणाऱ्याला वेग दाखवला गेला. त्याच्या मागे बसून ऐंशी किलोमीटर जाणाऱ्या व्यक्तीच्या पाठीचा विचार जाहिरातीत कुठेच नव्हता.

१२. पुढचा इतिहास संक्षेपाने. २००७ मध्ये आकुर्डीतील वाहन-उत्पादन थांबले. २०१० मध्ये बजाजने स्कूटर बनवणेच सोडले. २०२० च्या जानेवारीत चेतक विजेवर चालणारी होऊन परतली आणि जून २०२२ मध्ये आकुर्डीच्या जुन्या जागेवरच तिच्यासाठी नवा कारखाना सुरू झाला. राहुल बजाज त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला निवर्तले होते. साठ वर्षांपूर्वी ज्या माळावर हा इतिहास सुरू झाला, तिथेच तो वळसा घालून परत आला.

१३. आता रस्ता. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता चाकांच्या गाड्यांसाठी खुला झाला आणि पुणे-मुंबई मार्गाचे रूप पालटले. पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वाढ याच मार्गाच्या काठाने झाली. २००२ मध्ये द्रुतगती महामार्ग पूर्णपणे सुरू झाला, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. देशातील दुचाक्यांच्या माहेरघराशेजारून जाणारा सर्वांत वेगवान रस्ता दुचाकीला बंद! तक्रार करू नये. निवांत प्रवासाला वेगवान रस्ता हवाच कशाला? पश्चिमेला जुना महामार्ग आहे, आणि उत्तरेला चाकणवरून जाणारा नाशिक रस्ता.

१४. तिसरी आणि सर्वांत दुर्मीळ गोष्ट, रजा. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि एक साप्ताहिक सुट्टी ठरवली. वर्षात किमान २४० दिवस काम भरले, तर पुढील वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. विजेचा भार विभागला जावा म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक क्षेत्रांना वेगवेगळे वार दिले गेले आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला. बाहेरच्या माणसाला याचे नवल वाटते. इथल्या घरांना त्याची किंमत ठाऊक आहे.

१५. प्रश्न विचारणाऱ्या दाम्पत्यातील ते भोसरीत कामाला आहेत, ताई शाळेत शिकवतात. त्यांची सुट्टी गुरुवारी, यांची रविवारी. वर्षातले दहा-अकरा महिने एकाच घरातील दोन माणसांची सुट्टी एका दिवशी येत नाही. मे महिन्यात शाळा बंद असते, तेव्हाच त्यांचा गुरुवार यांचाही होतो. ऊन रणरणते असूनही सहल उन्हाळ्यातच का, याचे उत्तर हवामानात नाही, हजेरीपटावर आहे.

१६. म्हणून बेत असा. गुरुवारला जोडून शुक्रवार-शनिवारची रजा घ्यावी. दोन दिवसांची रजा म्हणजे जुन्या हिशेबाने चाळीस दिवसांच्या श्रमाची मिळकत. ती चार घाट आणि सहा देवळे ‘उरकण्यात’ उधळू नये. जुन्नर निवडावे, निगडीहून सुमारे ऐंशी किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघून स्पाइन रोडने मोशी, तेथून चाकण. चौकांतील अवजड वाहनांची गर्दी वाढण्यापूर्वी गाव ओलांडावे. मात्र संग्रामदुर्गापाशी दहा मिनिटे थांबावे. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या प्रचंड सैन्यापुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट जवळपास दोन महिने झुंजवला.

१७. न्याहारी राजगुरुनगरला, हे हुतात्मा शिवराम हरी राजगुरूंचे जन्मगाव, जुने खेड. मग तमाशाच्या फडांचे नारायणगाव आणि दहाच्या आत जुन्नर. दुपारी बारा ते चार गाडी सावलीत आणि माणसेही. दुसऱ्या दिवशी उजाडताच शिवनेरी चढावा, नऊपर्यंत उतरावे. दुपारी विश्रांती घेऊन चारला नाणेघाटाकडे निघावे : सातवाहनकालीन लेणे, त्यातील ब्राह्मी लेख, आणि जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण. दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेने कोकणातला माल घाटावर चढत असे. अंधारापूर्वी मुक्कामी परतावे. शनिवारी पहाटे निघून दहाच्या आत घर.

१८. गाडीची तयारी थोडकी. टायर थंड असताना, पुस्तिकेत दोघांसाठी दिलेला हवेचा दाब भरावा. साखळीचा ताण आणि ब्रेक आदल्या आठवड्यात तपासून घ्यावेत. पिशवी सायलेन्सरला टेकू देऊ नये. मागे बसणाऱ्याने दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे, ओढणी बांधून घ्यावी. हेल्मेट दोन आणि दोन्ही सारख्याच दर्जाची. दर पाऊण तासाने थांबावे. आणि कधी थांबायचे हे मागच्या आसनाने ठरवावे.

१९. ही शेवटची सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या पट्ट्याने देशाला लाखो दुचाक्या दिल्या. त्या बनवणाऱ्या हातांना मात्र त्यावर बसून कुठेच न पोहोचण्याची चैन क्वचितच मिळाली. परवान्याची रांग गेली, यंत्राला घाटात लागणारी धापही गेली. आता जो थांबा घ्यायचा तो आपल्या मर्जीने घेता येतो. तो जरूर घ्या. जुन्नरहून परतल्यावर कळवा. तिथे पाहिलेल्या गोष्टींवर पुढचा धागा करू.